तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःहून दिलेल्या पैशांचा हिशोब

“सर, पीएम केअर्सला पैसे स्वतःहून दिलेत ना? मग आता हिशोब कसला मागता? आणि तोही पंतप्रधानांकडे?” सकाळी फिरायला निघालो की कुणी ना कुणी हे विचारतंच. जुने विद्यार्थी विचारतात, घरी भाचा विचारतो. रस्त्यात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मार्च २०२०च्या अखेरीस, कोरोनाच्या संकटात मदतीसाठी लोकांकडून देणग्या घेणारा पीएम केअर्स फंड जाहीर झाला. मी पेन्शनमधून पाच हजार रुपये पाठवले, अगदी मनापासून. ८ मेच्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, करमाडजवळ, लॉकडाउनमुळे जालन्याहून पायी घराकडे निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. पाच दिवसांनी बातमी आली, की फंडातून मजुरांसाठी १,००० कोटी आणि ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी दिले जातील. आपले पैसे योग्य जागी चालले, असंच तेव्हा वाटलं.

आता माझी सवय सांगतो. गल्लीतल्या गणेश मंडळाचा मी बावीस वर्षं खजिनदार होतो. आमच्याकडे एकावन्न रुपये वर्गणी देणाराही पावती घेतो आणि सभेत उभा राहून विचारतो, “मांडवाचं बिल गेल्या वर्षीपेक्षा जास्त का?” एका वर्षी रोषणाईची चौदाशे रुपयांची पावती सापडेना. दोन रात्री पावतीपुस्तकं चाळली, शेवटी वायरमनच्या घरी जाऊन दुसरी लिहून आणली. नोंदणी झालेल्या मंडळाला हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. वर्गणी लोकांनी खुशीनेच दिलेली असते, पण म्हणून हिशोब मागायचा नाही असं आजवर कुणी म्हटलं नाही.

पीएम केअर्सचे पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधान. संरक्षण, गृह आणि अर्थ ही खाती सांभाळणारे मंत्री पदसिद्ध विश्वस्त. वेबसाइटवर राजमुद्रा. सरकारी मालकीच्या कंपन्यांनी सीएसआरचा, म्हणजे कायद्याने समाजकामासाठी खर्च करायचा पैसा यात घातला. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने स्पष्ट केलं, की मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जाणार नाही. म्हणजे कंपनी महाराष्ट्रातली, कामगार इथले, पण मुख्यमंत्र्यांच्या निधीला पैसे दिले तर ते सीएसआरमध्ये धरत नाहीत आणि दिल्लीला दिले तर धरतात. एवढं सगळं सरकारी असताना माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्यांना उत्तर मिळालं, की हा फंड ‘सार्वजनिक प्राधिकरण’च नाही, म्हणजे त्या कायद्याखाली माहिती देणं त्याला बंधनकारक नाही. दिल्ली उच्च न्यायालयातही हीच भूमिका घेतली गेली. कॅगचं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचं ऑडिट नाही, खासगी सनदी लेखापाल तपासतात.

सरकारची बाजूही सांगतो. पैसा ऐच्छिक आहे, अर्थसंकल्पातला नाही, आणि ऑडिट होतं, असं ते म्हणतात. १९४८ साली नेहरूंच्या काळात सुरू झालेला पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीही कॅगच्या कक्षेबाहेरच राहिला, हेही खरं. पण जुन्या चुकीच्या आधारावर नवी चूक उभी करायची, हे मला पटत नाही. तेव्हाच्या पंतप्रधानांनाही मी हेच विचारलं असतं.

फंडाचा जो हिशोब प्रसिद्ध झाला, तोही मी वाचला. पहिल्या पाच दिवसांत ३,०७६.६२ कोटी जमा झाले. २०२०-२१ मध्ये व्हेंटिलेटरवर १,३११ कोटी खर्च झाले. हा आकडा म्हणजे एक ओळ. कुणाकडून घेतले, एकेक केवढ्याला पडला, कुठल्या जिल्ह्यात किती गेले, हे त्या ओळीत नाही.

आणि इथे माझं दुखणं आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घाटी रुग्णालयात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात, १५० व्हेंटिलेटर आले. त्या दिवसांत एका व्हेंटिलेटरच्या खाटेसाठी आम्ही रात्ररात्र फोन लावत होतो. वापरायला काढलेल्या ११३ यंत्रांत दोष निघाले. पेशंटचा ऑक्सिजन खाली जातोय, असं डॉक्टर सांगत होते. उरलेली ३७ खोक्यांतच राहिली. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. केंद्राच्या शपथपत्रात रुग्णालयालाच बोल लावलेला होता, त्यावर न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. तोपर्यंत सगळीकडे ही यंत्रं पीएम केअर्सचीच म्हणून ओळखली जात होती. पण केंद्राने न्यायालयात सांगितलं, ती त्या फंडातली नाहीतच.

नसतील, तर नसतील. पण मग फंडातली कुठे आहेत? लोकांचा श्वास ज्या यंत्रावर अवलंबून होता, ते कुणाच्या पैशातून आलं यावर न्यायालयात वाद व्हावा, याचं मला आजही फार वाईट वाटतं. खरेदीची यादी पहिल्या दिवसापासून लोकांसमोर असती, तर एका पानात उत्तर मिळालं असतं. यंत्र बिघडलं की जाब कुणाला विचारायचा, तेही कळलं असतं.

म्हणून मागतो. पंतप्रधान त्या फंडाचे अध्यक्ष आहेत, म्हणून त्यांच्याकडे मागतो. पन्नास हजार यंत्रांची जिल्हावार यादी द्या, पुरवठादाराचं नाव आणि किंमत लिहा, आणि कॅगला ती तपासू द्या. माझ्या पाच हजारांची पावती फाइलमध्ये नीट लावून ठेवली आहे. त्या पावतीच्या मागे मला ही यादी लावायची आहे.