सातारा ते कन्याकुमारी : दमदार गाडी आणि लांबचा रस्ता

साताऱ्याहून कन्याकुमारीला मोटारीने जाणाऱ्याला रस्ता शोधत बसावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ शहराच्या कडेनेच जातो. तो बंगळुरूपर्यंत सोडायचा नाही आणि पुढे महामार्ग ४४ धरायचा, जो थेट कन्याकुमारीलाच संपतो. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर भरते. डिसेंबरमध्ये पत्नीने आणि मी आळीपाळीने गाडी चालवत हा प्रवास केला. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १५० पीएस.

परतल्यावर ज्याने त्याने विचारले, की गाडी किती पळाली. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. दमदार इंजिनाचा खरा उपयोग संकेश्वर ओलांडल्यावर वंटमुरीच्या घाटात कळतो. तिथे एक मालट्रक दुसऱ्या ट्रकला मागे टाकण्याच्या नादात उजवी लेन अडवून रांगत चढत असतो, आणि तो बाजूला होताच पाय किंचित दाबला की गाडी चढावरही चटकन वेग घेते. त्यामुळे ट्रकच्या चाकांशेजारी घालवावा लागणारा वेळ कमी होतो. ताकद हवी ती एवढ्यासाठी.

चौपदरी दुभाजकाच्या महामार्गावर मोटारींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. राज्ये ती कमी करू शकतात, म्हणून फलक पाहूनच चालवावे. शंभरऐवजी १२० ने गेल्यास दर शंभर किलोमीटरमागे दहाच मिनिटे वाचतात, आणि ती एका चहाच्या थांब्यात जातात. उलट ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळजवळ दीडपट होते. शिवाय समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी शंभरच्या वेगात तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. सरासरी वाढवायची असेल तर पहाटे लवकर निघावे आणि थांबे आधी ठरवावेत. दर दोन तासांनी चालक बदलण्याचा नियम आम्ही झोप येत नसतानाही मोडला नाही.

निघण्यापूर्वी टायरकडे नीट पाहावे. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. त्याच भिंतीवरील एच हे अक्षर ताशी २१० आणि व्ही हे २४० किलोमीटरची क्षमता दाखवते, परंतु ती क्षमता हवा योग्य असेल तरच खरी. हवा टायर थंड असताना तपासावी आणि सामान भरलेल्या गाडीसाठीचा आकडा दरवाजाजवळच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या तक्त्यावरून घ्यावा.

कराड ते कागल या टप्प्यात सहापदरीकरणामुळे वाहतूक जागोजागी सेवा रस्त्यावर वळवलेली होती, तेव्हा या भागासाठी वेळ सढळ हाताने धरावा. बेळगावपासून धारवाडपर्यंत रस्ता मोकळा आहे. हुबळी-धारवाडचा वळणरस्ता मात्र वर्षानुवर्षे दुभाजकाविना दुपदरी राहिलेला आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध. आम्ही गेलो तेव्हा रुंदीकरण चालू होते. तिथे ओव्हरटेकचा विचारही करू नये.

मुक्काम चित्रदुर्गला करावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याच दिवशी बंगळुरू गाठण्याचा मोह होतो, पण तिथे पोहोचायची वेळ नेमकी संध्याकाळच्या गर्दीची येते. पहाटे निघून तुमकूर रस्त्यावरून नाइस रोड, म्हणजे बंगळुरूला वळसा घालणारा खासगी टोलरस्ता, धरला तर शहरात न शिरता होसूर रस्त्याला लागता येते. मात्र ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा फास्टॅगचा वार्षिक पास, जो तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्यांसाठी होता, राष्ट्रीय महामार्गांपुरताच असल्याने नाइस रोडचा टोल वेगळा पडतो.

धर्मपुरी ते सेलम या रस्त्यावरचा तोप्पूर घाट दक्षिणेकडे जाताना उताराचा आहे आणि ब्रेक तापलेल्या ट्रकांमुळे तिथे मोठे अपघात झाले आहेत. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर हाताने खाली आणावा, पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवावे आणि मागचा आरसा सतत पाहावा, कारण धोका मागूनही येतो. दुसरा मुक्काम मदुराईला. तिरुनेलवेलीपुढे पणगुडीच्या परिसरात पवनचक्क्या दिसू लागतात. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच इथला आडवा वारा गाडीला ढकलतो. जून ते सप्टेंबरमध्ये त्याचा जोर अधिक असतो.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेच्या पाणीपातळीची बातमी घेऊनच निघावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्याने हा महामार्ग बंद पडला होता.

परतीच्या प्रवासात सर्वांत जास्त काळजी मला आपल्याच भागात वाटली. गळीत हंगामात निपाणीपासून कराडपर्यंत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत हळूहळू चाललेले असतात. दिवस मावळल्यावर आम्हाला असा एक ट्रॅक्टर आढळला. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या पाल्याने झाकला गेला होता आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला होता. आमच्या दिव्यांच्या झोतात आधी दिसली ती रस्त्यावर सांडलेली उसाची कांडकी, ट्रॉली त्यानंतर. ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत या पट्ट्यात अंधारात समोरून वाहने येत नसतील तेव्हा प्रखर दिवे लावावेत आणि वेग साठच्या आत ठेवावा. गाडी कितीही ताकदीची असली तरी तिच्या दिव्यांचा पल्ला ठरलेलाच असतो. येताना कोल्हापूरलाच अंधार पडला, तर मुक्काम तिथे करावा आणि उरलेले सव्वाशे किलोमीटर सकाळी उजेडात कापावे.