माल्कमचं कशाला काढतेस?

चहाची गोष्ट इतकी छान रंगवून सांगतेस, मग शेवटी त्या डांबर फासलेल्या माणसाचं कशाला काढतेस? दर उन्हाळ्यात बोस्टन बघायला येणारे पाहुणे हे विचारतात. मराठी शाळेच्या पालकांनी विचारून झालं, नणंदेनं तर जेवता जेवता विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

चहाची गोष्ट म्हणजे ‘बोस्टन टी पार्टी’, बोस्टनच्या लोकांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बंदरात बुडवला ती. १६ डिसेंबर १७७३, तीन जहाजं, ३४२ पेट्या, हे तुम्हाला पाठ आहे. ‘कर वाढवला म्हणून चहा बुडवला’ एवढं मात्र म्हणू नका, कारण त्या वर्षी कर वाढलाच नव्हता. पौंडामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासूनचा. नव्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकायला परवानगी मिळाली आणि चहा उलट स्वस्त होणार होता, चोरट्या डच चहापेक्षाही. खवळले ते व्यापारी आणि चोरटा चहा आणणारे. आणि ज्यांना खरोखर वाटत होतं की आमचा एकही माणूस पार्लमेंटात नसताना आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण, तेही. दोन्ही प्रकारचे लोक त्या रात्री धक्क्यावर होते. यातले खरे कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि माझं कंपनीवर प्रेम आहे असंही कुणी समजू नका. १७७० चा बंगालचा दुष्काळ आणि त्यातही चाललेली सारावसुली मी विसरलेले नाही. लंडनच्या गोदामांत दीड कोटी पौंड वजनाहून जास्त चहा पडून होता, कंपनी बुडायला आली होती. तिला वाचवायला १७७३ मध्ये पार्लमेंटनं दोन कायदे केले. एकाचा चहा बोस्टनला आला. दुसऱ्यानं मुंबईचा कारभार कलकत्त्याच्या देखरेखीखाली गेला, आणि म्हणूनच पुढे मुंबईकरांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्यानं मोडीत काढला. नारायणरावांचा खून त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. तर ती कंपनी आपलीही ‘ओळखीची’. तिचा चहा समुद्रात गेला याचं मला काडीइतकं दुःख नाही.

दुःख आहे ते २५ जानेवारी १७७४ चं.

जॉन माल्कम कस्टमचा माणूस होता. तापट, उद्धट, लोकांच्या डोळ्यांत सलणारा. काही महिन्यांपूर्वी एक जहाज जप्त केलं म्हणून खलाशांनी त्याला एकदा डांबर फासलंच होतं, पण तेव्हा अंगावर कपडे तरी होते. त्या दिवशी बोस्टनच्या रस्त्यावर तो बर्फावरची गाडी ढकलणाऱ्या एका पोरावर काठी उगारून उभा होता. जॉर्ज ह्यूज नावाचा ठेंगणा चांभार मध्ये पडला. हा ह्यूज चहा बुडवणाऱ्यांतला. माल्कम म्हणाला, तुझ्यासारख्या भटक्यानं सभ्य माणसाशी रस्त्यात बोलू नये. ह्यूज म्हणाला, असेन मी कसाही, मला कुणी डांबर तर फासलेलं नाही ना. माल्कमनं काठी त्याच्या कपाळावर घातली. ह्यूज बेशुद्ध पडला.

इथपर्यंत माल्कमच गुन्हेगार, आणि मी मुलांनाही तसंच सांगते. ह्यूजनं रीतसर वॉरंट मिळवलं. पण रात्री जमाव माल्कमच्या घरी पोचला. शिड्या लावून वर चढले, त्याला ओढून काढलं आणि गाडीत घातलं. हाडं गोठवणारी थंडी, त्यात त्याचे कपडे फाडले, उघड्या अंगावर गरम डांबर ओतलं आणि वर पिसं चिकटवली. काही जणांनी सांगून पाहिलं की कोर्टाला बघू द्या. त्यावर जमावाचं म्हणणं, कोर्ट कुणाचं आहे ते आम्हाला माहीत आहे. किंग स्ट्रीटवरून, म्हणजे आताच्या स्टेट स्ट्रीटवरून, त्याची धिंड निघाली. बोस्टनकर निषेधाला जमायचे त्या ‘स्वातंत्र्यवृक्षा’खाली नेलं, तिथून गावाबाहेरच्या फाशीच्या खांबाशी. जमावाची मागणी, गव्हर्नरला शिव्या दे, नोकरी सोड. नाही म्हणाला तेव्हा चाबकानं मारलं. शेवटी तो वाकला. हे सगळं कित्येक तास चाललं होतं. पुढे लंडनमध्ये यावर चित्र छापलं गेलं, त्यात त्याच्या घशात चहा ओतताना दाखवलाय. कस्टमच्या एका वरिष्ठाच्या बहिणीनं पत्रात लिहिलं की अंगावरचं मांस सोलून निघतंय, डॉक्टरांना हा वाचेल असं वाटत नाही. तो वाचला. डांबरासकट निघालेल्या स्वतःच्या कातडीचा तुकडा घेऊन इंग्लंडला गेला आणि नुकसानभरपाई मागत बसला.

मराठी शाळेच्या सहलीत हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, ‘मावशी, मग ज्या चांभाराला लागलं होतं तो काय म्हणाला?’ मी सांगितलं, त्याला ते आवडलं नव्हतं, नंतर तसं सांगितलं जातं. ती म्हणाली, ‘मग त्याच्या नावानं का केलं?’ संध्याकाळी एका पालकाचा मेसेज आला की मुलं सहलीला आली होती, नसता विषय कशाला. दुसऱ्यानं लिहिलं की या देशात आपण पाहुणे आहोत, त्यांच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत खोट काढू नये. यातलं दुसरं मला जास्त लागलं. मी इथं कर भरते, मत देते. पाहुणी कशी?

खरं तर काही वर्षांपूर्वी मी स्वतःच मंडळाच्या दिवाळी अंकात याच चहाचं कौतुक लिहिलं होतं. चहा सोडून कशाला हात लावला नाही, एक कुलूप तुटलं तर दुसऱ्या दिवशी नवं आणून दिलं, खिशात चहा भरणाऱ्याला आपल्याच लोकांनी चोप दिला. ते सगळं आजही खरं आहे. तेव्हाची मी म्हणते, शिस्त बघ. आताची म्हणते, त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते. तेव्हाची म्हणते, एका रात्रीवरून लढा तोलू नकोस. यावर आताच्या माझ्याकडे धड उत्तर नाही.

आमचे मामेसासरे म्हणाले, आपल्या गांधीजींनी चौरीचौरानंतर आंदोलन थांबवलं होतं, इथं काय केलं? इथं काही दिवसांनी शहरात पत्रक लागलं की माल्कमला दिलेली शिक्षा आमच्या हुकमानं झालेली नाही. खाली सही ‘डांबर-पिसं समितीच्या अध्यक्षाची’, टोपणनावानं. बस, एवढंच. अमेरिकेच्या पुढाऱ्यांपैकी फ्रँकलिनला तर चहा बुडवणंसुद्धा अन्याय वाटला होता, वॉशिंग्टनलाही ते पसंत नव्हतं. जॉन ॲडम्स मात्र डायरीत भारावून लिहून गेला. मग १ जून १७७४ ला इंग्रजांनी बोस्टन बंदरच बंद केलं आणि नाराज लोकही बोस्टनच्या बाजूला आले, लांबून मेंढरं आणि तांदूळ पोचले. म्हणजे सरकारच्या शिक्षेनं जे जमलं ते चहानं जमलं नव्हतं. पण चहाच बुडवला नसता तर शिक्षा झाली असती का? मामेसासऱ्यांशी या मुद्द्यावर मी दोनदा भांडले, दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूनं.

आता ते, जे मी सहसा सांगत नाही. माझे पणजोबा उरणकडे मिठागरांवर सरकारी शिपाई होते. १९३० साली गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्यांची आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला भाऊबंदही आले नाहीत. ते मिठाच्या कराच्या बाजूचे नव्हते, घरात सात तोंडं होती. गाव चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनी नोकरी सोडायला हवी होती असंही म्हणवत नाही. नणंद म्हणते, म्हणजे घरचं दुखणं तू बोस्टनवर काढतेस. असेलही. पण पणजोबांनी कुणा पोरावर काठी उगारली नव्हती, आणि माल्कम माझा कोणी लागत नाही. तरीही मला तोच आठवतो.

तर दहा वर्षांखालच्या मुलांना नको म्हणत असाल तर नाही सांगणार, ते मला मान्य आहे. मोठ्यांना सांगणार. स्टेट स्ट्रीटला आलो की ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी पुढे जाऊन कॉफी घ्यावी, मी मागून येते.