लांब पास का बसत नाही, तर रन जमत नाही म्हणून

अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे पुण्यात असे किती असणार, पण आमच्या ग्रुपवर तिकडून शिकून आलेली पोरं भरपूर, त्यामुळे शनिवारी रात्री साडेनऊला (तिकडे दुपारचे बारा) मॅच सुरू झाली की लगेच बोंब, "अरे लांब फेक ना!!"

आता लांब फेकायला कोणाची ना नाहीये हो, पण समोर दोन सेफ्टी (सगळ्यात मागे राखण करणारे डिफेन्डर) खोल जाऊन उभेत त्याचं काय? क्रिकेटमध्ये बाउंड्रीवर माणसं पेरली की कसं, सिंगल घे बाबा, फोर काही मिळणार नाही, तसंच ते. मग चार यार्ड, पाच यार्ड करत बारा बारा प्ले (म्हणजे एकेक चाल) खेळायचे आणि मधेच एक होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवल्याचा फाउल) लागलं की दहा यार्ड मागे, ड्राइव्हचा (त्या अख्ख्या चढाईचा) निकाल.

माझं म्हणणं एवढंच की दोघं मागे गेले म्हणजे पुढे बॉक्समध्ये (बॉलच्या समोरच्या गर्दीत) माणसं कमी झाली ना, मग तिथून रन काढा, म्हणजे बॉल हातात घेऊन पळा! दर वेळी पाच-सहा यार्ड निघायला लागले की एका सेफ्टीला झक मारत पुढे यावं लागतं, आणि मग प्ले अ‍ॅक्शन, पळणाऱ्याला बॉल दिल्यासारखं करायचं, लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला) दोन पावलं पुढे सरकतो, त्याच्या पाठीमागे रान मोकळं. पण रनला दोनच यार्ड मिळत असतील तर त्या नाटकाला फसणार कोण? वर थर्ड अँड एट (चारपैकी तिसरा प्रयत्न, अजून आठ यार्ड हवेत), म्हणजे पास येणार हे पॉपकॉर्नवाल्यालाही माहीत.

२०२३ चं आयोवा (युनिव्हर्सिटीची टीम) आठवा. दहा मॅच जिंकले, पण यार्डांच्या हिशोबात ऑफेन्स अख्ख्या एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात) शेवटचा. ऑफेन्सची आखणी करणारा कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेन्ट्झ, म्हणजे हेड कोचचाच मुलगा, त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मॅचला सरासरी २५ पॉइंटची अट होती आणि निघाले पंधराच्या आसपास. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) मॅकनमारा जखमी झाला हे खरं, तरी पण... बिग टेन (आयोवाची लीग) फायनलला मिशिगनने २६-० धुतलं. आयोवाचा हिरो कोण तर पंटर (चढाई फसली की बॉल लाथेने लांब उडवणारा), टोरी टेलर, सर्वोत्तम पंटरचा रे गाय अवॉर्ड घेऊन गेला!

आणि कॉलेजचे हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, प्ले त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधूनच सुरू होतो) एनएफएलपेक्षा, म्हणजे प्रो लीगपेक्षा, एकमेकांपासून खूप लांब, ४० फूट अंतर. बॉल एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला भलंमोठं मैदान पडलेलं असतं, पण तिथपर्यंत जोरात फेकणारा हात नसेल तर डिफेन्स ती बाजू सरळ एकट्या कॉर्नरच्या (कडेच्या डिफेन्डरच्या) भरवशावर सोडतो आणि वाचलेला माणूस ब्लिट्झला, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर धावून जायला, पाठवतो.