अर्धा जमिनीतला पोहण्याचा पूल: पाझर अखेर चरात अडकला, आता दगडी तालीचा विचार

मंडळी, आधी चांगली बातमी. परवाचा वळीव झोडपून गेला तरी खड्ड्याचा तळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुकला. गेल्या पोस्टमधले खड्ड्याचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल. तेव्हा त्याच खड्ड्यात पिंढरीपर्यंत गढूळ पाणी होतं आणि काम पूर्ण ठप्प झालं होतं.

नव्यांसाठी थोडक्यात मापं सांगतो. सासवडच्या बाहेर, कऱ्हेकडे उतरत्या जागेवर घर. १५ फूट व्यासाची, ४ फूट उंचीची नालीदार जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची रिंग, आत पीव्हीसीची वेल्ड केलेली पिशवी, म्हणजे लाइनर. काम करायला भोवती दोन-दोन फूट जागा सोडून खड्डा १९ फुटांचा. उतारामुळे वरच्या अंगाला तो ३ फूट खोल आहे आणि खालच्या अंगाला जेमतेम १ फूट. वरच्या अंगाला दोनेक फूट काळी माती, खाली पिवळा मुरूम. तळ मुरमातच लागल्यामुळे मी खूश होतो, कारण भिजली की फुगणाऱ्या काळ्या मातीवर असलं काही उभं करायचं नाही हे इथे सगळ्यांनाच पाठ आहे.

आता मूळ दुखणं. पहिल्या वळवाचं पाणी खड्ड्यात साचलं, त्याचं विशेष काही नाही. मोटर लावून उपसलं. सकाळी पाहतो तर पुन्हा पाणी, आणि रात्रभर आभाळ स्वच्छ! मिस्त्रींचं म्हणणं, मुरूम पाणी पीत नाही, चार दिवस थांबा. शेजारच्या आप्पांचं म्हणणं, वरच्या बांधाकडून झरा असणार. मी बांबूवर खुणा करून तो खड्ड्यात रोवला. पाणी रात्री जास्त चढत होतं, दुपारी कमी. उन्हात थोडं उडतही असेल, पण येणं थांबत नव्हतं एवढं नक्की झालं.

शेवटी खड्ड्याच्या वरच्या अंगाला, काठापासून चार फूट सोडून, टिकाव-फावड्याने हातानेच एक अरुंद चर मारला. जेसीबी मुद्दाम बोलावला नाही, त्याच्या बकेटने कडा चोपल्या जातात आणि बघायचं तेच झाकलं जातं. काळी माती संपून मुरूम लागला तिथे कारण डोळ्यांसमोर आलं. वरची माती नुसती दमट, खालचा मुरूम कोरडा, आणि दोन्हींच्या सांध्यात बोटभर रुंदीची चकाकती ओली रेघ. हाताने तिथली माती खरवडली की थेंब जमायचे आणि ओघळायचे. वरच्या सगळ्या उताराचं मुरलेलं पाणी मुरमाच्या डोक्यावरून सरकत येत होतं, आणि आमच्या खड्ड्याने नेमकी त्याची वाट कापली होती.

काही जणांनी गेल्या वेळी लिहिलं होतं की पूल एकदा भरला की बाहेरच्या पाण्याची चिंता कशाला. भरलेल्या पुलापुरतं ते बरोबर आहे. साडेतीन फूट पाणी आत असेल आणि बाहेर फूटभर, तर लाइनर जागचा हलत नाही. पण साफसफाईला किंवा दुरुस्तीला पूल रिकामा केला आणि बाहेर फूटभर पाणी उभं असलं, तर साडेसोळा चौरस मीटरच्या तळाला खालून जवळपास ५ टनांचा रेटा बसतो. पिशवी फुग्यासारखी वर येते, खालची वाळू सरकते, आणि पुन्हा भरल्यावर तळाला घड्या पडतात त्या कायमच्या. शिवाय भोवतीची काळी माती भिजून फुगते आणि पत्र्याला आत ढकलते. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी हेच सांगितलं होतं: फुगणारी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर द्या. कालव्यांच्या अस्तरीकरणात तो पुढे रुळला. आपला पूल छोटा असला तरी माती तीच.

म्हणून चराचंच गटार केलं. खड्ड्याच्या तळापेक्षा अर्धा फूट खोल नेलं, शंभराला एक असा उतार दिला, आणि खड्ड्याला वळसा घालून खालच्या अंगाला उघड्यावर काढलं. मोटर नाही, ती चालू-बंद करणारा फ्लोट नाही, वीज गेली तरी चालू. उताराची जागा असेल त्याने आधी हाच मार्ग बघावा असं माझं ठाम मत आहे. सपाटीवरच्यांना संप (पाणी जमवायचा खड्डा) आणि मोटरशिवाय गत्यंतर नाही.

पाईपबद्दल थोडं सविस्तर. साध्या पीव्हीसीला ड्रिलने भोकं पाडून, वर हिरवं शेडनेट गुंडाळून देणारे पुष्कळ भेटतात. शेडनेटमधून काळ्या मातीचा गाळ सरळ आत जातो, ते घेऊ नका. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीच्या निचऱ्याला जो छिद्रांचा नालीदार पाईप पुरतात तो मागवा. फिल्टरचं कापड गुंडाळूनच येतो, लवचीक असतो, वळणाला एल्बो लागत नाही. भोवती २० मिमी खडी, आणि खडीभोवती पांढरं नमद्यासारखं जिओटेक्सटाईल, म्हणजे पाणी सोडणारं पण गाळ अडवणारं कापड. ते मला शेततळ्याचा कागद बसवणाऱ्याकडे उरलेल्या तुकड्यात स्वस्तात मिळालं. शहरातल्या दुकानात अख्खा रोल घ्या म्हणतात.

आणि परवाचा पाऊस! सकाळी पाईपच्या तोंडाशी जाऊन बसलो. आधी गढूळ, मग तासाभरात नितळ धार. १० लिटरची बादली चार मिनिटांत भरली. म्हणजे दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या वर. हे सगळं खड्ड्यात गेलं असतं तर रोज साडेपाच इंच पाणी चढलं असतं. घरातल्या सगळ्यांना हाताला धरून ती धार दाखवली.

तळाचं काम त्याच उत्साहात उरकलं. लेव्हलच्या नळीने रिंगखालच्या सगळ्या फरश्या ४ मिमीच्या आत आल्या. वर दोन इंच क्रश सँड, पाणी मारून धुमसाने चोपलेली. एक काळजी मात्र घ्या: लव्हाळा, हे गाठींचं चिवट तण. त्याचा कोंब सुईसारखा वर येतो आणि लाइनर भेदतो. काठाची माती चाळून गाठी वेचून काढल्या आणि वाळूखालीही जिओटेक्सटाईल अंथरलं. ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा कागदच का नाही, असं बरेच जण विचारतात. तो मोठ्या तळ्याला उत्तम, पण ताठ असतो, एवढ्या लहान गोलाईत बुडाशी नीट बसत नाही.

पुढचा बेत असा होता की रिंग उभी करायची, पाणी भरत जायचं आणि बाहेरून सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर चोपत यायचं. आतलं पाणी नेहमी बाहेरच्या भरावाच्या वर ठेवायचं, म्हणजे पत्रा आत दबत नाही. पण हे लिहीत असतानाच वाटतंय की भराव पत्र्याला टेकवायचाच कशाला? आता पाझर अडलाय. खड्ड्याच्या कडेने ताल, म्हणजे सिमेंटशिवाय नुसत्या दगडांची माती अडवणारी भिंत, रचली आणि ताल व पत्रा यांच्यात मोकळी फट ठेवली, तर मातीचा दाब ताल घेईल. बोल्ट कधीही तपासता येतील, पत्रा गंजला तर दिसेल, आणि पूल रिकामा करायची भीती जाईल. वरच्या फटीवर लाकडी डेक येईल, त्याच्या तुळया तालीवर आणि जमिनीवर टेकतील, रिंगवर वजन नाही. खड्ड्यातून निघालेला डबर पडून आहेच. फिल्टरचा पंप खालच्या अंगाला पाण्याच्या पातळीखाली बसत असल्यामुळे तो कायम भरलेला राहील. फक्त पंपाची कचरा अडवणारी बास्केट उघडायला दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत, आणि वायरिंगला ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच).

ताल केली तर पाणी आणि भराव एकदम चढवायची कसरत वाचते, पण पावसाळा तोंडावर आलाय आणि दगड रचणारे गडी पेरणीला जातील. म्हणून आधी वरच्या अंगाची अर्धी ताल घेतो, तिथेच माती तीन फूट आहे. खालच्या अंगाला फूटभरच आहे, तिथे सध्या उघडं चालेल.

एक शंका आहे. अशा मोकळ्या फटीत घुशी बिळं करतात का, आणि केली तर लाइनरच्या बुडाशी पोचतात का? मी तालीच्या पायाशी बारीक जाळी पुरून वर वीतभर काँक्रीट टाकायचं म्हणतोय. कोणी विहिरीच्या किंवा टाकीच्या कडेला असं केलं असेल तर जाळीचं माप आणि ती किती खोल पुरली ते कळवा. दगडाचं काम सोमवारी सुरू होतंय.