दोन ते चारची जागल

नागपुरात डिसेंबर लागला की अधिवेशन येतं, सिव्हिल लाइन्समधले अर्धे रस्ते बंद होतात, आणि आमचे बाबा माळ्यावरून एक वही खाली काढतात. निळ्या पुठ्ठ्याची, बँकेच्या जुन्या खतावणीसारखी लांबट वही. पहिल्या पानावर १९९१. तेव्हापासून आम्ही थंडीत जिथे जिथे तंबू ठोकला त्या प्रत्येक रात्रीची नोंद तिच्यात आहे: गाव, सर्वात कमी तापमान, आकाश कसं होतं, आणि शेकोटीपाशी कोण किती वाजता जागं होतं. बाबा याला ‘जागल’ म्हणतात. शेतकरी डुकरांपासून पीक राखायला रात्र काढतो ती जागल. आमच्याकडे राखायला पीक नव्हतं, पोरं होती.

दहा ते बारा आई आणि मामी, बारा ते दोन मामा, दोन ते चार बाबा. चारनंतर जो उठेल तो. चौतीस वर्षांत बाकीच्या पाळ्या बदलल्या, पण ‘२ ते ४ – मी’ हे बाबांच्या अक्षरातलं वाक्य बदललं नाही. रात्रीचा सर्वात वाईट भाग बाबांनी स्वतःकडे घेतला, असं आम्ही सगळे मानत आलो. शाळेत मी यावर निबंधही लिहिला होता. दहापैकी आठ मार्क.

यंदा बाबा शहात्तरचे. गुडघे बोलतात. म्हणून १३ डिसेंबरच्या शनिवारी निघताना मी जाहीर केलं, दोन ते चार माझी. बाबा काही बोलले नाहीत. वहीत पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. पेनने नाही, हे लक्षात घ्या.

तेरा तारीख मुद्दाम निवडली होती. दर वर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो, आणि या वेळी चंद्र दीड-दोनच्या सुमारास उगवणार होता. म्हणजे अर्धी रात्र काळीकुट्ट. आणि काळी रात्र हवी तर नागपूरकराला लांब जावं लागत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्राकडचा भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे बसवले. मला ही गोष्ट फार आवडते. गावातला उजेड काढून नाही घेतला, त्याला फक्त मान खाली घालायला सांगितली.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण लोक विचारतात: व्याघ्र प्रकल्पाच्या आत आपला तंबू ठोकता येत नाही, आणि ठोकूही नये. आम्ही राहिलो ते पवनीहून आत वळल्यावर, बाबांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत, त्याच्या घराला लागून. तिथल्या वनरक्षकाला आधी सांगून ठेवलं होतं. त्याच्या अटी दोनच: खरकटं बाहेर ठेवायचं नाही, आणि अंधार पडल्यावर नाल्याकडे जायचं नाही.

प्रवास म्हणावा तर सत्तर-ऐंशी किलोमीटरचा. कामठी, कन्हान, मनसर, मग जबलपूरच्या रस्त्याने सरळ. मामी दर वेळी मनसरला ‘रामटेकला वळू या का, पाच मिनिटं’ म्हणते आणि दर वेळी गडमंदिराच्या पायऱ्यांवर दीड तास जातो, म्हणून यंदा कोणी ऐकलं नाही. डिकीत दोन तंबू, एक गोणी गोवऱ्या, काटोलहून आलेली अंबिया बहाराची संत्री, आणि आईने कोणाला न विचारता घेतलेला पाटा-वरवंटा.

कापणी झालेली होती. बांधीत धानाची खुंटं, कडेला तणसाचे ढीग. शेतकरी भाऊ म्हणाले, “काका, तणीस लागंल तेवढी घ्या, ढोरायले पुरून उरते.” आम्ही वीतभर जाडीची तणीस अंथरली आणि तिच्यावर तंबू उभा केला. हे शहाणपण फुकट आलेलं नाही.

१९९१ मध्ये खिंडसी तलावाच्या काठी, मामाच्या मित्राच्या शेतात, आम्ही पहिल्यांदा राहिलो. तंबू कामठीच्या एका जुन्या सामानवाल्याकडून घेतलेला, हिरव्या कॅनव्हासचा, ओला झाला की दोघांना उचलत नसे. नागपूरहून एसटीने रामटेक, पुढे बैलगाडी. अंगावर घ्यायला सात पांघरुणं, खाली एक सतरंजी. मी दहा वर्षांची. रात्री बारानंतर पाठ अशी गार पडली की जणू फरशीवर निजवलंय. वरून आणखी एक गोधडी टाकली तरी काही फरक नाही. सकाळी बाबांनी वहीत लिहिलं: “थंडी वरून नाही, खालून.” अंगाची ऊब जमीन शोषून घेते, आणि पाठीखाली दबलेल्या गोधडीत हवा उरत नाही म्हणून तिचा उपयोग संपतो, हे मला पुढे कळलं. तणसाच्या प्रत्येक काडीत मात्र हवा असते. पुढच्या वर्षीपासून आधी तणीस, मग सतरंजी.

चिखलदऱ्याला दुसरा धडा. तंबूच्या सगळ्या चेन घट्ट लावून झोपलो आणि पहाटे छतावरून पाणी टपकायला लागलं. पाऊस नव्हता. पाच माणसांचा रात्रभराचा श्वास होता तो, गार कापडाला लागून त्याचं पाणी झालेलं. वरची जाळी उघडी ठेवली की थोडी थंडी येते, पण माणूस कोरडा राहतो. हे नवऱ्याला पटायला तीन हिवाळे लागले. तो मुंबईचा, त्याच्या मते थंडी म्हणजे पंखा एकवर.

पण खरी रात्र २०१८ ची. डिसेंबरच्या २९ तारखेच्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला, शहराला तशी थंडी कोणाच्या आठवणीत नव्हती. आम्ही बरोबर त्याच रात्री खिंडसीला. शेकोटीपासून हातभर मागे सरकलं की पाठ आणि पोट दोन वेगळ्या ऋतूंत. अकराच्या सुमारास नवऱ्याने कोळशाची शेगडी उचलून तंबूत नेली आणि पोराच्या उशाशी ठेवली. बाबा कधी आवाज चढवत नाहीत. त्या रात्री ते ओरडले. शेगडी बाहेर फेकली, निखारे मातीत विझवले आणि जावयाला सर्वांसमोर सुनावलं. जळत्या कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि बंद जागेत माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो. नवरा दोन दिवस गप्प होता. आता तोच दर वेळी शेगडी तंबूपासून किती पावलं आहे ते मोजतो.

या वेळचं जेवण रोडगे. वऱ्हाड-नागपूरकडे बाहेर स्वयंपाक म्हटलं की रोडगेच, त्यात मतदान होत नाही. जाडसर दळलेल्या कणकेच्या छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, त्यांचा मिळून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या इंगळात पुरायचा. बाहेरून काळा, फोडला की आत पदर सुटतात. त्यावर तूप ओतायचं, चमच्याने वाढायचं नाही. सोबत वांग्याची भाजी, पाट्यावर वाटलेल्या मसाल्याची, आणि वर मूठभर सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा “बाजारातून सांबार आण” ऐकून डबा घेतला होता. आईचा पाटा त्या रात्री खराच उपयोगी पडला, आणि ते तिने चारदा ऐकवलं.

नऊ वाजता शेकोटी मुद्दाम बारीक केली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मधे एकाने जरी मोबाइल उघडला तरी सगळं पहिल्यापासून. माझ्या लेकाने (वय एकोणीस) सगळ्यांचे मोबाइल गोळा करून तांदळाच्या डब्यात टाकले. मग पूर्वेकडे मृग वर आला, मागोमाग व्याध. त्यांच्या डावीकडे पुनर्वसूचे दोन तारे, आणि यंदा त्यांच्या शेजारी गुरू येऊन बसलेला, इतका ठळक की नऊ वर्षांच्या भाचीला वाटलं कोणीतरी टॉर्च लावलाय.

उल्का तिकडूनच फुटल्यासारख्या येतात, दिसतात मात्र सगळ्या आभाळात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या कचऱ्यातून होतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीतून. १९८३ साली सापडलेला दगड. भाचीला सांगितलं की तुला दिसली ती रेघ म्हणजे वाळूच्या कणाएवढं काहीतरी सेकंदाला पस्तीस किलोमीटर वेगाने येऊन जळालं. ती म्हणाली, “एवढुशा कणाचं एवढं?” आणि मग माझ्या आईकडे बघितलं, कारण आजी मोजत होती. आई खाटेवर, कानटोपी, मफलर, वर शाल, हातात जपमाळ. एक उल्का, एक मणी. बारापर्यंत बावन्न मणी सरले. लेकाच्या मते एकोणपन्नास. त्यावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

दोन वाजता लेकाने मला उठवलं. बाहेर आले तर तणसावर दव, आणि अंधाराला वास होता, ओल्या मातीचा आणि विझत आलेल्या गोवरीचा. शेकोटीत ऐनाचं एक लाकूड सारलं. लांबून कुठूनतरी रातव्याचा आवाज, दगडावर दगड आपटावा तसा. एकदा चितळ ओरडलं, मग गावातली कुत्री, मग पुन्हा काही नाही. वाघ दिसला नाही. आजवर कधीच तंबूतून दिसलेला नाही आणि मी त्याची उपकृत आहे.

दहा मिनिटं झाली असतील. मागे चेन उघडल्याचा आवाज आला. बाबा. कानटोपी, काठी, पाटावर बसताना ‘हुश्श’.

“काहून उठले? माझी पाळी आहे ना.”

“असू दे. सवय आहे.”

शेतकरी भाऊही शेजारच्या बांधीतून डबा वाजवून आले होते. त्यांनी ईशान्येकडे वर आलेले सप्तर्षी दाखवले. “ते पाहा ताई, म्हातारीचं बाजलं. चार खूर, अन् मागं तीन चोर. बाजलं चोराले आले, पण म्हातारी झोपतच नाही, तं नेतीन कसं?” मग ते बिडी पेटवून गेले. मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, इतकी वर्षं हीच पाळी का घेतली? सगळ्यात जास्त थंडी याच वेळी असते म्हणून?

“थंडी पहाटे जास्त असते,” बाबा म्हणाले. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, चूक आधी दुरुस्त करणार. मग जरा वेळ निखारे सारत बसले. “तुझा मामा दोन वाजता पाळी संपवून तंबूत यायचा ना. पाठ टेकली की घोरणं सुरू. बाप्पा, ट्रक परवडला! मी बाहेर नाही येणार तर काय करणार?”

“मग चार वाजता?”

“चारला तो कुशीवर व्हायचा.”

मी वही उघडली. टॉर्चवर बोटं धरून, लाल उजेडात. आकाशाच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वर्षी एक अक्षर आहे, ज्याला मी लहानपणापासून ‘ध’ समजत आले, धुक्याचा ध. ‘आकाश निरभ्र. ध.’ असं लिहिलेलं पाहून मला नेहमी वाटायचं, बाबांना हवामानातलं काही कळत नाही. आता नीट पाहिलं. वरची गाठ नव्हती. तो ‘घ’ होता. १९९१, घ. १९९८, चिखलदरा, घ. २०१८, ३.५, आणि पुढे ‘घ घ’. त्या थंडीतही.

२०२१ मध्ये मामा गेला. त्यानंतरच्या पानांवर आकाशापुढची ती जागा मोकळी आहे.

अडीचला झाडांच्या वर चंद्रकोर आली, पिवळट, आणि उल्का एकदम फिक्या झाल्या. आम्ही दोघं एक संत्रं सोलून खात बसलो. साली शेकोटीत टाकल्या की चरचरतात आणि ठिणग्या उडतात, तो खेळ बाबा अजून करतात. तेवढ्यात दुसऱ्या तंबूतून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग चढत गेला. मामीचा तंबू नव्हता तो. आमचा.

बाबांनी कान दिला. “जावई लागले कामाला,” म्हणाले, आणि पाट शेकोटीजवळ ओढून घेतला.

सकाळी तंबू ओलेच गुंडाळले. उरलेले रोडगे चुरून दुधात, वर गूळ. मामीने पुन्हा रामटेकचं नाव काढलं, या वेळी सगळे गेलो, आणि दीड तास लागला. सोमवारी गच्चीवर तंबू वाळत घातले तेव्हा वही तिथेच टाकीवर पडलेली होती. यंदाची नोंद लेकाने केली होती, पेनने:

“१३ डिसेंबर २०२५. पवनीच्या आत. सर्वात कमी ७. आकाश निरभ्र. उल्का ४९ (आजी ५२). २ ते ४ – आई, आजोबा. घ – बाबा.”