मावशीचा रिपोर्ट

आज मावशीचा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आणायला गेले होते. स्तनाच्या कॅन्सरनंतर डॉक्टरांनी बीआरसीए, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकांची, चाचणी सांगितली होती. एक बदल सापडलाय, पण पुढे शेरा : ‘अर्थ अनिश्चित’. धोक्याचा की निरुपद्रवी, सांगता येत नाही. समुपदेशक ताईंनी समजावलं, की असे बदल ज्या माहितीशी ताडून बघतात ती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपले नमुने त्यात कमी, म्हणून आपल्या वाट्याला असे शेरे जास्त.

घरी येऊन वाचत बसले. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातला, हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे. शंभरात चार! तो इतका पसरलेला आहे हे कळलं २००९ मध्ये, इथल्या लोकांची तपासणी झाली तेव्हा. जीनोमइंडिया या प्रकल्पातली सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, याचा खरंच आनंद आहे. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, पोटजातीतच लग्नं झालेली, म्हणजे प्रत्येक गटातले बदल वेगळे असू शकतात. मला तरी हा आकडा अपुराच वाटतो.

मावशीनं एवढंच विचारलं, “मग लेकीला काय सांगू गं?”

वर्षभरानं पुन्हा विचारा, शेरा बदलू शकतो, असं ताई म्हणाल्यात. नव्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवणार आहे.