कलकत्त्याचे बोफायटर: टॉर्पेडोवाल्या किटमधून रात्रीचे लढाऊ विमान

प्लॅस्टिकची मॉडेल विमाने करणाऱ्यांसमोर रात्रीच्या लढाऊ विमानांचा विषय काढला की, बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जर्मन विमाने येतात. नाकावर एरियलचे जाळे घेऊन फिरणारे युंकर्स ८८, मेसरश्मिट ११० किंवा हाइंकेल २१९ दिसायला विलक्षण आहेत आणि त्यांच्या किट्सनाही तोटा नाही. मला मात्र बरेच दिवस असे विमान करायचे होते जे आपल्याकडच्या आकाशात रात्री लढले. ते विमान ब्रिटिश होते, त्याचे नाव ब्रिस्टल बोफायटर आणि ते आकाश कलकत्त्याचे. अडचण एवढीच की, ७२व्या हिश्शाच्या प्रमाणात बोफायटरचे जे किट सहज हाती लागते ते बहुधा समुद्रावर जहाजांची शिकार करणाऱ्या टीएफ दहा या टॉर्पेडोवाल्या प्रकाराचे असते. त्याचे रात्रीचे विमान करायचे तर काही काढावे लागते, काही घालावे लागते आणि शेपूट तर चक्क बदलावी लागते.

या विमानाचा कलकत्त्याशी आलेला संबंध आधी सांगतो. २० डिसेंबर १९४२ रोजी जपानी बॉम्बफेकी विमानांनी कलकत्त्यावर रात्रीचा पहिला हल्ला केला आणि त्यानंतरच्या हल्ल्यांनी शहरातून लाखो लोक बाहेर पडले. पाडलेल्या बॉम्बच्या मानाने नुकसान फार नव्हते. परंतु अंधारात येणारे विमान शोधण्याचे साधन शहराच्या बचावासाठी असलेल्या लढाऊ विमानांकडे नव्हते. त्यामुळे मध्यपूर्वेत लढत असलेल्या रॉयल एअर फोर्सच्या ८९ स्क्वाड्रनमधून रडार बसवलेली काही बोफायटर घाईने आणली गेली आणि जानेवारी १९४३ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला त्यांचीच १७६ स्क्वाड्रन झाली. १५ जानेवारीच्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग याने एकाच उड्डाणात जपानी मित्सुबिशी कि-२१ जातीची तीन बॉम्बफेकी विमाने पाडली. चारच दिवसांनी क्रॉम्बी या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने स्वतःचे एक इंजिन पेटलेले असतानाही पाठलाग सोडला नाही, आणखी विमाने पाडली आणि मग पॅराशूटने उडी घेतली. त्यानंतर कलकत्त्यावरचे रात्रीचे हल्ले थांबले. प्रिंग त्याच वर्षी ५ डिसेंबरला, कलकत्त्यावर दिवसाउजेडी झालेल्या हल्ल्याच्या वेळी मारला गेला. वैमानिकांची नावे इतिहासात राहिली असली तरी या विमानात माणसे दोन असत, आणि मागच्या बुडबुड्यासारख्या काचेखाली बसलेला रडारवाला नसता, तर पुढच्याला बंदुकीचा घोडा दाबण्याची वेळच आली नसती.

म्हणूनच या रूपांतरात माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ एरियलवर द्यायला हवा. कॉकपिट अंधाऱ्या काळ्या रंगाचे असते. ७२व्या हिश्शात काच बसल्यावर आत काय आहे ते टॉर्च लावूनही धड दिसत नाही. तरीही लोक तिथे महिनोन्‌महिने घालवतात आणि एरियल मात्र किटमध्ये जशी येतील तशी चिकटवून मोकळे होतात. रात्रीच्या विमानाला रात्रीचे विमान करते ते हे एरियलच, आणि ते कुठे, का आणि किती लांबीचे आहेत हे कळले की ते करणे सोपे जाते.

त्या वेळच्या बोफायटरमध्ये एआय मार्क चार हे रडार असे. ते सुमारे दीड मीटर तरंगलांबीवर चाले. नाकाच्या टोकावर बाणाच्या आकाराचे एक एरियल असे आणि ते लहरी पुढे फेके. परत आलेले प्रतिध्वनी पकडायला पंखांवर वेगळे एरियल असत: दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवर डावे-उजवे कळण्यासाठी आणि पंखाच्या वरच्या व खालच्या अंगाला उंची-खोली कळण्यासाठी. डाव्या बाजूचा प्रतिध्वनी उजव्यापेक्षा जोरदार असेल तर शत्रू डावीकडे, वरचा जोरदार असेल तर शत्रू वर, एवढा साधा हिशेब रडारवाल्याला दोन छोट्या पडद्यांवर बघून करायचा आणि वैमानिकाला तोंडी सांगायचा असे. जमिनीवरून परत येणारा प्रतिध्वनी इतका दांडगा असे की विमान जितक्या उंचीवर, साधारण तितक्याच अंतरापर्यंतचे पुढचे दिसे. १५,००० फुटांवर उडत असाल तर जेमतेम तीन मैल. खाली उतरलात की रडार आंधळे. जमिनीवरच्या रडारने विमानाला शत्रूच्या अगदी मागे आणून सोडल्याशिवाय या यंत्राचा उपयोगच होत नसे, आणि अगदी जवळ, काही शे फुटांवर गेल्यावर ते पुन्हा निकामी होई. तिथून पुढे डोळे.

आता याचा मॉडेलशी संबंध. दीड मीटरच्या अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपासची सळी ७२ने भागली की सुमारे साडेदहा मिलिमीटर येते. पंखावरच्या एरियलसाठी हेच माप धरून मी कामाला लागलो. किटमधली प्लॅस्टिकची सळी, चांगल्या किटमध्येसुद्धा, अर्धा मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे खऱ्या विमानावर ती छत्तीस मिलिमीटर, आपल्या घराच्या पाण्याच्या पाइपाएवढी ठरेल. त्यामुळे ती कापून टाकायची आणि इन्सुलिनच्या सिरिंजची सुई वापरायची. या सुया पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतात, पोलादी असल्याने वाकत नाहीत आणि कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. कटरने कापताना टोक चपटे होते म्हणून मी त्या छोट्या कानशीने घासून तोडतो. तोडताना तुकडा उडतो, म्हणून सुई मास्किंग टेपमध्ये गुंडाळून मगच कानस लावावी, आणि हे काम पायात चप्पल घालूनच करावे. नाकावरच्या बाणासाठी मात्र सुई चालत नाही, कारण तिला वळवता येत नाही. तिथे पितळी तार घेतली. गॅसवर लालसर तापवून गार केली की ती मऊ पडते आणि हवा तो कोन धरते. बाणाच्या दोन्ही फांद्या सारख्या होण्यासाठी आलेखाच्या कागदावर आकृती काढून तिच्यावर तार ठेवून वाकवली आणि सांध्यावर फेविक्विकचा एक थेंब टाचणीच्या टोकाने सोडला. सोल्डरचा डाग देता येत असेल तर तो द्यावा. माझ्याकडे डागणी (सोल्डरिंग आयर्न) आहे, पण एवढ्या बारीक कामाला तिचे टोक फार बोजड.

शेपटीकडे वळतो. बोफायटरची सुरुवातीची शेपूट, म्हणजे तिचा आडवा पंख, सपाट होता. विमान उडवताना, विशेषतः वर चढताना, नाक वर-खाली डोलण्याची खोड लागली म्हणून नंतर त्या पंखाची टोके १२ अंशांनी वर उचलली गेली. टीएफ दहाच्या किटमध्ये अर्थातच उचललेली शेपूट येते. लंडनला हेंडनच्या संग्रहालयात जे बोफायटर उभे आहे तेही टीएफ दहा आहे, आणि फोटो शोधायला गेले की त्याचेच जास्त सापडतात, त्यामुळे अनेक मॉडेलवाले रात्रीच्या जुन्या विमानालाही निमूटपणे उचललेली शेपूट लावून देतात. १२ अंश म्हणजे थोडे वाटते. पण चार सेंटिमीटर लांबीला टोक आठ मिलिमीटर वर जाते, आणि हे मॉडेल कपाटात असताना खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळते.

उचललेली शेपूट बसावी म्हणून किटच्या धडाला असलेल्या तिरप्या खाचा एम-सीलने बुजवल्या. एम-सील आपल्याकडे नळाच्या गळतीसाठी ओळखले जाते. पण दोन भाग नीट मळले आणि ओल्या बोटाने दाबले तर मोठ्या खड्ड्यांना ते परदेशी पुट्टीपेक्षा काही कमी नाही. बारीक रेघा बुजवायला मात्र गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानातली एन.सी. पुट्टी बरी, फक्त ती पातळ थर देऊन लावावी, कारण तिच्यातला थिनर प्लॅस्टिक खातो आणि जाड थराखाली भाग विरघळून खड्डा पडतो. बुजवलेल्या जागी नवीन आडवी खाच कोरण्याऐवजी दोन्ही बाजूंनी आरपार एक पितळी तार घातली आणि तिच्यावर शेपटीच्या आडव्या पंखाचे दोन्ही अर्धे ओवले. तार सरळ असली की पंख सपाट बसणारच.

टॉर्पेडो, तो लटकवायचा सांगाडा आणि पंखांखालचे रॉकेटचे रूळ यांची भोके किटमध्ये आतून अर्धवट पाडलेली असतात. ती उघडायचीच नाहीत, एवढेच. नाकाला काही किट्समध्ये सेंटिमीटर लहरींच्या रडारची बोंडासारखी टोपी येते. ती नंतरची, त्यामुळे आपल्याला साधे गोल नाक हवे. मागच्या काचेतली बंदूकही निघते आणि तिच्या फटीऐवजी अखंड गुळगुळीत काच लागते. ती मी जुन्या भागावरून ठसा घेऊन, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक प्लॅस्टिक तापवून ओढून केली. या काचेखाली मात्र थोडे काम करावे, कारण ती उंच आहे आणि आत उजेड जातो: रडारचा काळा डबा, त्यावर पडद्यांची झापड आणि खुर्ची एवढे पुरते. सुरुवातीच्या बोफायटरांत तोफांच्या गोळ्या ६०-६०च्या ढोलात, म्हणजे गोल डब्यात, येत आणि ढोल संपला की अंधारात, विमान हेलकावे खात असताना, हाच रडारवाला तो अवजड ढोल बदलत असे. म्हणून मी खुर्चीमागे दोन ढोल ठेवले. ते दिसतात की नाही हे पाहणाऱ्यावर आहे.

बोफायटरच्या पोटात पुढे २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या आणि पंखांत .३०३ च्या सहा बंदुका. गंमत अशी की, त्या सहा बंदुका समसमान वाटलेल्या नव्हत्या: उजव्या पंखात चार, डाव्यात दोन, कारण डाव्या पंखात उतरण्यासाठीचा दिवा होता. टॉर्पेडोवाल्या विमानात या बंदुका बहुधा काढून टाकलेल्या असत, म्हणून किटमध्ये त्यांची भोके नसतात. ती पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने, पाडायची. त्यावर खऱ्या विमानात लाल डोप (कापड ताठ करणारे रोगण) लावलेल्या कापडाचे तुकडे चिकटवलेले असत, जेणेकरून धूळ आणि पाणी आत जाऊ नये. लाल रंगवलेल्या टेपचे सहा बारीक चौकोन कापून लावले की काळ्या विमानावर तेवढेच काय ते रंगीत दिसते.

काळा रंग हा या विमानाचा सगळ्यात फसवा भाग. ब्रिटिशांनी रात्रीच्या विमानांसाठी काजळीसारखा खरखरीत काळा रंग ठरवला होता. प्रत्यक्षात चांदण्यात किंवा ढगांच्या पार्श्वभूमीवर हे विमान आकाशापेक्षा जास्त काळे दिसे, खरखरीत पृष्ठभागामुळे वेग घटे आणि रंग हाताला लागे. १९४२ च्या उत्तरार्धात त्याऐवजी करडा आणि वर गडद हिरव्या पट्ट्यांचा रंग ठरवण्यात आला. असे आदेश दूरच्या तुकड्यांपर्यंत पोहोचून अमलात यायला वेळ लागतो, आणि त्याआधी रंगवलेली विमाने काळीच. मी काळे निवडले. पण बाटलीतला काळा सरळ मारला तर मॉडेल काळ्या डागासारखे दिसते, कडा, रिव्हेटच्या ओळी, पॅनेलचे सांधे सगळे गिळून टाकते. मी काळ्यात चॉकलेटी आणि करडा मिसळून तीन छटा केल्या: पंखांच्या वर उन्हाने विटलेली, पोटाकडे गडद आणि इंजिनांमागे धुराची किंचित तपकिरी. बोफायटरच्या हर्क्युलीस इंजिनाचा धूर गोळा करणारे कडे इंजिनावरच्या झाकणाच्या पुढच्या तोंडाशीच असे आणि उष्णतेने त्याचा रंग तांब्यासारखा होई. तेवढ्या कड्याला धातूचा रंग दिला.

आम्ही ठाण्याकडचे लोक जून ते सप्टेंबर लॅकर (थिनरमध्ये मिसळायचा रंग) मारायच्या भानगडीत पडत नाही. हवेतला ओलावा पकडून ओला रंग पांढरट पडतो आणि काळ्यावर तर तो बुरशीसारखा उठून दिसतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक या काळात चालतात, पण वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, लावण्याआधी पूर्ण मॉडेलला चकचकीत वॉर्निशचा थर हवाच. खरखरीत काळ्यावर थेट डीकल लावले की त्याच्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग पडतात.

डीकलच्या बाबतीत एक सावधगिरी. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांच्या डीकलच्या पानांवर बहुधा फिकट आणि गडद निळ्या वर्तुळांचे चिन्ह असते, कारण जपानी लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून मधला लाल भाग काढून टाकण्यात आला. पण हा बदल १९४३ च्या मध्यानंतरचा. जानेवारीतल्या विमानाला इंग्लंडमधल्या विमानांसारखेच, मध्ये लाल असलेले चिन्ह हवे: पंखांवर लाल-निळे, बाजूंना पांढऱ्याची बारीक आणि पिवळ्याची कड असलेले.

एरियल सगळ्यात शेवटी, अगदी मॅट वॉर्निशही झाल्यावर लावावेत. मधल्या टप्प्यात लावले तर मास्किंग टेप काढताना हमखास तुटतात. त्यांची भोके मात्र रंग मारण्यापूर्वी पाडून, त्यांत टूथपिकचे टोक घालून ठेवावे; रंगवल्यावर ड्रिल केले की भोवतालचा रंग टवका होऊन उडतो. सुई बसवताना पातळ फेविक्विक वापरू नये, कारण त्याची वाफ आसपासच्या मॅट काळ्यावर पांढरी पसरते. पीव्हीए, म्हणजे साधा पांढरा गोंद, पुरतो, आणि उद्या ब्रशने धूळ झटकताना एखादी सुई हललीच, तर ती ओढून पुन्हा बसवता येते.